लेबर रूममध्ये डोक्याशी उभी राहा

आदरणीय सिस्टर,

मी बी.एस्सी. नर्सिंगच्या सहाव्या सेमिस्टरला आहे, विदर्भातल्या एका जिल्ह्याच्या गावी. यंदा मिडवाइफरी, म्हणजे बाळंतपण करायचा विषय, सुरू झाली आणि पहिल्यांदाच लेबर रूमला पोस्टिंग लागलं. खरं तर या विषयासाठीच मी नर्सिंगला आले. माझी आजी गावात सुईण होती. पोस्टिंगच्या चौथ्या दिवशी एक पहिलटकरीण टेबलावर होती, माझ्यापेक्षाही लहान असेल. ती ओरडायला लागली तशी सिस्टरांनी तिच्या मांडीवर चापट मारली. जे बोलल्या ते मला इथे लिहवत नाही. मी पायाशी टॉर्च धरून उभी होते. काहीच केलं नाही. बाळ रडलं, सगळे पुढच्या टेबलाकडे गेले. तीन रात्री मला झोप नाही. माझी मावसबहीण लंडनला असते. ती म्हणते, तिकडे नर्सिंग न करता थेट मिडवाइफरीची तीन वर्षांची डिग्री मिळते आणि बायकांना मान देतात. हे सोडून तिकडे जाऊ का? बाबांनी कर्ज काढलंय. आई म्हणते, ‘सुईणपण करायला डिग्री कशाला लागते? तू आपली वॉर्डात नोकरी धर.’

टॉर्च धरणारी

बाळा,

ती चापट चूक होती. सिस्टर अनुभवी असतील, वर्षानुवर्षं त्याच खोलीत राबल्या असतील, तरी चूक ती चूकच. हे सगळ्यात आधी लिहिते आहे, कारण आता तुला समजावणारे पुष्कळ भेटतील. ‘असं करावंच लागतं, नाहीतर बाई जोर लावत नाही आणि बाळ अडकतं,’ म्हणतील. मारल्याने गर्भाशयाचं तोंड लवकर उघडत नाही. घाबरलेली बाई अंग आवळते, श्वास कोंडते, आणि खरा जोर लावायची वेळ येते तेव्हा तिच्यात त्राण उरलेलं नसतं. तुझी झोप उडाली ती उडायलाच हवी होती.

आता माझं ऐक. मी नोकरीला लागले ते एका तालुक्याच्या रुग्णालयात. रात्रपाळीला मी आणि एक मावशी, बस्स. एका रात्री तिन्ही टेबलं भरलेली, चौथी बाई व्हरांड्यात चादर टाकून पडलेली. एकीला अंगावरून जास्त जायला लागलं होतं, डॉक्टर घरून निघाले होते, आणि शेजारच्या टेबलावरची सारखी ‘सिस्टर, ओ सिस्टर’ करत माझा हात धरत होती. मी तो हात झटकला आणि ओरडले, ‘गप पडून राहा. तू काय जगावेगळी बाळंत होतेयस?’

ती गप्प झाली. नंतर दोन तास तिने एकदाही हाक मारली नाही. मावशी सहज तिकडे गेली म्हणून तिने पाहिलं, तोवर बाळाचं डोकं बाहेर आलेलं होतं. इतक्या कळा सोसताना त्या मुलीने तोंडातून आवाज काढला नाही, कारण मी ओरडले होते. दोघं सुखरूप राहिली ते त्यांच्या नशिबाने. त्यात माझं काही नव्हतं.

धाकातली बाई सांगायचं थांबवते, हे मला त्या रात्री कळलं. ‘डोकं ठणकतंय’, ‘डोळ्यापुढे अंधारी येतेय’, ‘काहीतरी गरम वाहतंय’ ही तीन वाक्यं तिने उच्चारली, तरच झटके यायच्या आत, रक्त वाहून जायच्या आत आपल्याला धावता येतं. बाईला मान देणं हा बाळंतपणाच्या शास्त्राचाच भाग आहे. पुस्तकात तो शेवटच्या धड्यात असला तरी खोलीत पाऊल टाकलं की तिथून सुरुवात होते.

आता डिग्रीचं. मावसबहिणीने सांगितलं ते खरं आहे. इंग्लंडमध्ये नर्स आणि मिडवाइफ हे दोन वेगळे पेशे आहेत. तिथे मिडवाइफांच्या नोंदणीचा कायदा १९०२ चा आणि नर्सेसचा १९१९ चा, म्हणजे कायद्याने सुईणपणाला आधी ओळखलं, नर्सिंगला मागाहून. म्हणून तिकडे शाळा संपवून थेट मिडवाइफरीच्या तीन वर्षांच्या पदवीला जाता येतं. त्यातला जवळपास निम्मा वेळ वर्गात जातो आणि निम्मा प्रत्यक्ष बायकांसोबत, आणि ४० च्या आसपास बाळंतपणं मुलीने स्वतःच्या हाताने करायची असतात.

आपल्याकडे मिडवाइफरी नर्सिंगच्या पोटात गेली. एएनएम, जीएनएम हे पदवीखालचे नर्सिंगचे कोर्स असोत की तुझी बी.एस्सी., सगळ्यांत ती आहे, पण तुझ्या पदवीच्या नावात नाही. चार वर्षं पुरी करून महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी करशील तेव्हा तुझी नोंद परिचारिका म्हणूनही होईल आणि प्रसाविका म्हणूनही. आर.एन. आणि आर.एम. त्यातल्या दुसऱ्या दोन अक्षरांकडे कुणी बघत नाही. नोकरीच्या जाहिरातीतही नाही आणि लग्नाच्या बायोडेटातही नाही. तू बघ. जी डिग्री शोधायला तू समुद्रापार निघाली आहेस, तिचा सहाव्या आणि सातव्या सेमिस्टरचा भाग आज तुझ्यासमोर आहे.

हे अर्धवट सोडून जाऊ नकोस. अर्धी बी.एस्सी. कुठेच धरत नाहीत. तिकडे तुला पुन्हा बारावीच्या मार्कांवर उभं राहावं लागेल. बाहेरच्या देशांतल्या विद्यार्थ्यांची फी स्थानिक मुलींपेक्षा कितीतरी जास्त, आणि तिकडच्या विद्यार्थिनींना सरकारकडून वर्षाला जे ५,००० पौंड साहाय्य मिळतं ते तुला मिळणार नाही. त्यात प्रात्यक्षिकासाठी रुग्णालयातल्या जागा मोजक्या, म्हणून कित्येक विद्यापीठं या कोर्सला परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत. बाबांचं एक कर्ज डोक्यावर असताना दुसरं, तेही पौंडांत, असा सल्ला मी माझ्या मुलीला दिला नसता, तुलाही देणार नाही.

जायचंच असेल तर पदवी पुरी करून जा. इथली नोंदणीकृत नर्स इंग्रजीची परीक्षा, मग संगणकावरची आणि शेवटी प्रात्यक्षिकाची परीक्षा देऊन तिकडे नर्स म्हणून नोंद होऊ शकते. तिथे काही विद्यापीठांत नोंदणीकृत नर्सेससाठी मिडवाइफरीचा कमी मुदतीचा कोर्स असतो. वाट लांबची आहे, पण चालताना पगार सुरू राहतो.

आणि इथली वाट? ती आता कुठे उघडायला लागली आहे, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त लिहिते. केंद्र सरकारने २०१८ च्या डिसेंबरमध्ये मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात ‘नर्स प्रॅक्टिशनर इन मिडवाइफरी’ असा १८ महिन्यांचा अभ्यासक्रम आहे, नोंदणी झालेल्या आणि बाळंतपणाचा अनुभव असलेल्या नर्सेससाठी, आंतरराष्ट्रीय मिडवाइफ संघटनेच्या निकषांवर बेतलेला. अशा प्रशिक्षित मिडवाइफांनी चालवायचे वेगळे प्रसूतिकक्ष हीही त्यातलीच कल्पना. बाळंतपण सरळ असेल तर ते त्यांनीच बघायचं, गुंतागुंत दिसली की डॉक्टरांकडे. याच्याही आधी, २०११ पासून, हैदराबादच्या फर्नांडिस हॉस्पिटलने स्वतःच्या मिडवाइफ घडवायला घेतल्या होत्या. २०१७ मध्ये तेलंगण सरकारने त्यांना सोबत घेऊन करीमनगरला सरकारी नर्सेसची पहिली तुकडी बसवली. २०२३ मध्ये नवा कायदा आला, त्याचं नावच राष्ट्रीय नर्सिंग व मिडवाइफरी आयोग कायदा. माझ्या उभ्या नोकरीत हा शब्द कायद्याच्या मथळ्यावर नव्हता.

त्या १८ महिन्यांनंतर मिळते ती पदविका, पदवी नव्हे, हे स्पष्ट सांगते. ‘मिडवाइफरीत पदवी’ असं कागदावर हवं असेल तर जवळची गोष्ट म्हणजे एम.एस्सी. नर्सिंग, प्रसूती व स्त्रीरोग हा विषय घेऊन. दोन वर्षं, आणि त्याआधी एक वर्षाचा अनुभव लागतो. पण एम.एस्सी. झालेल्या मुली बहुतेक शिकवायला जातात. खडू हातात आला की टेबल सुटतं, हे मी माझ्याच बाबतीत पाहिलं. तुझ्या पत्रातून मला शिक्षिका दिसली नाही, टेबलाजवळची बाई दिसली. म्हणून माझं मत असं: पदवी, मग दोन-तीन वर्षं जिथे भरपूर बाळंतपणं होतात अशा ठिकाणी लेबर रूम मागून घेऊन नोकरी, मग मिडवाइफरीचे ते १८ महिने. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशात शंभरातली २१.५ बाळंतपणं सिझेरियनने झाली, आणि खासगी रुग्णालयांत ४७.४. वाट बघत बसणारं माणूस खोलीत नसलं की सुरीची घाई होते. तुझ्यासारख्या मुलींची गरज लंडनपेक्षा इथे जास्त आहे.

वाट बघणं म्हणजे नुसतं बसून राहणं नव्हे. ते मला शिकवलं एका वयस्क सिस्टरांनी, माझ्या दुसऱ्या बदलीच्या गावी. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती, गुडघे धरलेले. ड्युटीवर आल्या की त्या लोखंडी स्टूल ओढून बाईच्या उजव्या अंगाला बसायच्या आणि तळवा तिच्या पोटावर, बेंबीच्या वरच्या अंगाला, पसरून ठेवायच्या. बोटं सैल. गणवेशाला टाचलेल्या घड्याळावर नजर. दहा मिनिटं फाइल नाही, फोन नाही. यात काय शिकायचं, असं मला वाटायचं. एक दिवस त्यांनी माझा हात उचलून तिथे ठेवला.

कळ आधी हाताला कळते, बाईच्या तोंडावर मागाहून दिसते. तळव्याखालचं मऊ पोट हळूहळू वर उठतं, घट्ट होत जातं. हलकी कळ असेल तर नाकाच्या शेंड्याइतकं, मधली असेल तर हनुवटीइतकं, आणि जोराची असेल तर कपाळासारखं कडक. मग ओसरतं. सेकंद मोजायचे. वीसच्या आत गेली तर पार्टोग्राफच्या, म्हणजे बाळंतपणाची प्रगती नोंदवायच्या तक्त्याच्या, चौकोनात ठिपके, वीस ते चाळीस असेल तर तिरप्या रेघा, चाळीसच्या पुढे गेली की चौकोन पूर्ण काळा. दहा मिनिटांत किती कळा आल्या, तेवढे चौकोन भरायचे. दर अर्ध्या तासाने हेच, आणि कळ ओसरली की लगेच बाळाचे ठोके, ११० ते १६० च्या मध्ये आहेत ना.

पण या दहा मिनिटांत आणखी एक गोष्ट घडते, जी कुठल्याच चौकोनात भरता येत नाही. पोट घट्ट व्हायला लागलं की सिस्टर हलकेच म्हणायच्या, ‘आली बघ, येऊ दे... तोंड उघडून श्वास सोड... आता उतरली.’ बाईला वाटायचं, माझ्या पोटात काय चाललंय ते हिला माझ्याही आधी कळतंय. त्यानंतर त्या बाईला दटावायची वेळच यायची नाही.

बाळंतपण झाल्यावर मागाहून बसून भरलेले पार्टोग्राफ तू पाहशील, मीही पाहिले आहेत. तसा भरू नकोस. आम्हाला शिकवलं होतं की तासाला एक सेंटिमीटर गर्भाशयाचं तोंड उघडलंच पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं की जोराच्या कळांचा टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरा, आणि एखादी बाई तासाला एक सेंटिमीटरपेक्षा सावकाश उघडत असेल, पण ती आणि बाळ दोघंही ठीक असतील, तर तेवढ्यासाठी घाई करू नका. किती बायकांच्या मागे आम्ही उगाच लागलो, याचा विचार करते तेव्हा वाईट वाटतं.

तू विद्यार्थिनी आहेस, सिस्टरांचा हात धरायची तुझी ताकद नाही, आणि ती नाही म्हणून स्वतःला कोसू नकोस. पण कुठे उभं राहायचं ते बरंचसं तुझ्या हातात आहे. पुढच्या वेळी पायाशी उभी राहू नकोस, डोक्याशी जा. ‘सिस्टर, मी बीपी आणि ठोके बघू का?’ असं विचारलंस तर नाही म्हणणारं सहसा कुणी भेटत नाही, त्या खोलीत हात नेहमीच कमी असतात. बाईला आधी तिच्या नावाने हाक मार. केसपेपरवर नाव असतं, तरी लेबर रूममध्ये ती ‘दोन नंबर’ होते. आतून तपासणार असतील तर आधी तिच्या कानाशी सांग, ‘आता तपासणार आहेत, सैल सोड, दुखलं तर मला सांग.’ पडदा ओढ. घोटभर पाणी देता येईल का ते विचार. कळांमध्ये तिला डाव्या कुशीवर वळव. पोटावर वरून कुणी दाबायला लागलं तर ते गर्भाशयाला आणि बाळाला घातक ठरू शकतं, एवढं नीट वाचून ठेव, म्हणजे नंतर क्लिनिकल इन्स्ट्रक्टरला विचारताना पाय डळमळणार नाहीत.

सोबतीचाही विषय काढ. सरकारी रुग्णालयात बाळंतपणाच्या वेळी नात्यातली, स्वतः बाळंतपण अनुभवलेली बाई जवळ ठेवायला केंद्र सरकारने २०१६ सालीच मुभा दिली आहे. तरी आई किंवा सासू बाहेर बाकावर आणि मुलगी आत एकटी, हेच चित्र असतं. १७ देशांतल्या २६ चाचण्यांचा, १५ हजारांवर बायकांचा एकत्रित आढावा घेतला गेला, त्यात सतत सोबत मिळालेल्या बायकांच्या कळांचा काळ कमी आणि सिझेरियनही कमी, असं आढळलं. एका माणसाच्या नुसत्या बसण्याने.

घडलं ते इन्स्ट्रक्टरला सांग. भांडायला जाऊ नकोस. दिवस, वेळ आणि काय झालं एवढं एका कागदावर लिही, विशेषणं न लावता, आणि एकटी जाऊ नकोस, त्या दिवशी सोबत असलेली मैत्रीण ने. सरकारी लेबर रूमसाठी २०१७ पासून ‘लक्ष्य’ हा कार्यक्रम आहे, त्यात बाईला सन्मानाने वागवणं हा तपासणीचाच मुद्दा आहे, त्यामुळे तू काही जगावेगळं मागत नाहीयेस. आणि त्या सिस्टरांना वाईट बाई म्हणून मनातून काढून टाकू नकोस. एका रात्रीत तीन टेबलं एकटीने सांभाळणाऱ्या बाईचं काय होतं ते वर लिहिलंच आहे. त्यांना माफ कर असं म्हणत नाही. त्यांच्याकडून वार कशी काढायची, टाका कसा घालायचा ते शीक, आणि बोलणं तेवढं घेऊ नकोस.

राहिला आईचा प्रश्न. तो मला फार खरा वाटतो, त्याला नीट उत्तर दे. तुझ्या आजीला जे येत होतं ते कुठल्या कॉलेजात शिकवत नाहीत: रात्री-बेरात्री उठून जाणं, कळा सुरू झाल्यापासून बाई मोकळी होईपर्यंत तिथून न हलणं. पण वार पडल्यावर रक्त थांबेना तर आजीच्या हातात काय होतं? तुझ्या हातात बाळ झाल्यावर मिनिटभरात दंडात किंवा मांडीत द्यायचं १० युनिट ऑक्सिटोसिन आहे, आणि पोटावरून गर्भाशय कडक गोळ्यासारखं झालं का ते चाचपायची विद्या आहे. एखादीला बीपी वाढून झटके आले तर आजी देवाचं नाव घ्यायची. तू दोन्ही कुल्ल्यांत ५-५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेटचा पहिला डोस देऊन तिला मोठ्या रुग्णालयात जिवंत पोचवू शकशील. डिग्री लागते ती याच्यासाठी, आई. असं सांग तिला. आजी असेल तर तिलाही शेजारी बसवून सांग. तिच्या हातून एखादी बाई गेली असेल, तर ती त्याबद्दल कुणाशी कधी बोललेली नसेल. तिला बोलू दे.

केसबुक लवकर भरायच्या मागे लागू नकोस. आमच्या वेळी वीस बाळंतपणं भरायची असत आणि आम्ही एकमेकींच्या केसेस वाटून घेऊन सह्या मिळवायचो. पुढे नोकरीत पहिल्या पायाळू बाळाच्या वेळी त्याची किंमत कळली. कमी कर, पण दुपारी दाखल झालेली बाई रात्री मोकळी होईपर्यंत तिच्यासोबत राहा, निदान दोन-तीनदा तरी. ड्युटी संपली तरी थांबते, असं इन्चार्जना विचारून थांब. घरी फोन करून सांग, म्हणजे बाबा काळजी करणार नाहीत.

आणि सेकंदकाटा असलेलं एक साधं घड्याळ घे, गणवेशाला टाचायचं. मोबाइलवर कळा मोजता येत नाहीत, एक हात पोटावर असतो आणि दुसरा तिने धरलेला असतो.

तुझी,
सिस्टर